रिकाम्या हातांनी आलेली मिरची

केळीच्या पानावर डावी बाजू वाढताना मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर यांच्या जोडीला लोणच्याची जागा ठरलेली असते. पण लोणचं म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कैरीच येते. कैरीच्या लोणच्याचा थाट मोठा. पावसाआधी कैऱ्या आणायच्या, त्या अडकित्त्यावर फोडायच्या, फडक्यावर पसरायच्या, घरातल्या लहानथोरांना काम वाटून द्यायचं. मिरचीच्या लोणच्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. बाजारात मिरची चांगली दिसली, घरात लिंबं होती, डब्यात मोहरीची डाळ होती, म्हणून एका दुपारी ते घातलं जातं. दोन-तीन महिन्यांत संपूनही जातं. कुणी त्याची आठवण काढून गहिवरत नाही.

तरीही लोणच्याची खरी परीक्षा मिरचीच घेते, असं मला ठामपणे वाटतं. कैरी स्वतःची आंबटाई घेऊन येते. तिला मीठ लागलं की अर्धं काम तिचं तीच करते. लिंबाचंही तसंच. मिरची मात्र रिकाम्या हातांनी येते. तिखटपणा सोडला तर ताज्या हिरव्या मिरचीत मुख्यतः पाणीच असतं आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. म्हणून तिच्या लोणच्यात सगळं उसनं आणावं लागतं. आंबटपणा लिंबाचा, नाकात जाणारा झणका मोहरीचा, टिकाऊपणा मिठाचा. कुणाकडून किती घ्यायचं आणि कुणाला आधी बोलवायचं, यावर सगळं अवलंबून असतं. क्रम चुकला की मोहरी कडवट होते, आंबटपणा कमी पडला की बरणी बिघडते, पाणी राहिलं की आठवड्याभरात वर पांढरा पापुद्रा धरतो.

नाशकात या लोणच्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, आणि त्याला कारणं आहेत. पावसाळा सरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागते, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत सुरू होतात. मिरचीची आवक चांगली असते. लिंबंही परवडतात. एप्रिल-मेमध्ये लिंबाचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढे निघून जातं, तेच लिंबू थंडीत ढिगावर मिळतं. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीगोंदा हे लिंबाचं मोठं ठिकाण, त्यामुळे माल लांबून यावा लागत नाही. म्हणजे मिरचीला ज्याची सर्वांत जास्त गरज, ते लिंबू नेमकं याच दिवसांत हाताशी असतं. कैरीचं लोणचं घालणाऱ्याला पावसाच्या आधी उरकायची घाई असते. इथे तशी घाई नाही, पण कोरडी हवा मात्र तीच लागते.

बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे बाजाराला जाणंही ‘गंगेवर’ जाणं असतं. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडचा भाजीपाला पंचवटीतल्या बाजार समितीत उतरतो आणि त्यातला बराचसा रातोरात मुंबईला निघतो. उरलेल्यातून शहर आपलं स्वयंपाकघर चालवतं. गंगेवरच्या बाजारात मिरचीच्या ढिगापुढे होणारं बोलणं ठरलेलं असतं. ‘तिखट आहे का हो मावशी?’ या प्रश्नाला ‘मोडून बघा ना ताई’ हेच उत्तर असतं. लोणच्यासाठी मिरची घेणाऱ्या बाईला हे उत्तर पुरेसं असतं. ती मिरची मोडते ती चाखायला नाही, आवाज ऐकायला. ताजी मिरची ‘कट्’ करून तुटते. दबून वाकली तर ती दोन दिवसांपूर्वीची आहे. देठ हिरवा आणि घट्ट हवा, साल चकचकीत हवी, टोकाशी काळा डाग नको. अर्धा किलो मिरचीत डागाळलेली एकच गेली तरी सगळ्या बरणीला तिचा त्रास होतो.

मिरची कोणती घ्यावी, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि ते राहावेत. ज्वाला ही लांब, बारीक, सुरकुतलेली, फिकट हिरव्या अंगाची मिरची. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेला पुसा ज्वाला हा वाण देशभर गेला, नाशिक जिल्ह्यातही रुळला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘अग्निरेखा’ आणि ‘फुले ज्योती’ हे वाण दिले. लवंगी आकारानं लहान आणि तिखट, तिचं लोणचं मोजक्यांनाच झेपतं. जाड सालीची पोपटी मिरची सौम्य असते, मसाला भरायला बरी. माझी पसंती ज्वालाला. तिची साल पातळ असल्यामुळे खार लवकर आत शिरतो, आणि ती मऊ पडली तरी लगदा होत नाही.

पुष्कळ जणांना वाटतं की मिरचीचा तिखटपणा बियांत असतो. म्हणून तिखट कमी करायला बिया झटकून टाकतात. प्रत्यक्षात तो तयार होतो आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बियांना तो फक्त लागतो. तिखट खरोखर कमी हवं असेल तर ती शीर सुरीच्या टोकानं खरवडायला हवी. या तिखट द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधनिर्मात्यानं त्याचं मोजमाप करायची पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पातळ करावा लागला ते मोजायचं. ते जिभेला का भाजतं, हे कळायला मात्र १९९७ साल उजाडलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं मज्जातंतूंवरचा तो ग्राहक शोधला, जो साधारण ४३ अंशांवरच्या उष्णतेनं जागा होतो आणि कॅप्सेसिननंही. म्हणजे मिरची खाल्ल्यावर तोंडाची आग होते असं आपण म्हणतो, तेव्हा शरीराच्या लेखी ती खरोखरच आग असते. या शोधाच्या मालिकेसाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर मिळालं.

लोणचं घालणाऱ्यानं याहूनही लक्षात ठेवावी अशी गोष्ट बोलिव्हियाच्या रानात सापडली. मिरचीचं मूळ घर दक्षिण अमेरिका, आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. जोशुआ ट्यूक्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या रानमिरच्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एकाच जातीची काही झाडं तिखट मिरच्या देतात, काही फिकी. कीटक मिरचीला टोचतात आणि त्या भोकातून बुरशी आत शिरून बिया नासवते. जिथे असे कीटक जास्त, तिथे तिखट झाडंही जास्त, कारण कॅप्सेसिन त्या बुरशीला रोखतं. पक्ष्यांना मात्र तिखट लागतच नाही, ते मिरची खाऊन बी दूरवर टाकतात. म्हणजे तिखटपणा हा मुळात बी टिकवण्याचा उपाय आहे. मिरची अगदीच रिकाम्या हातांनी येत नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. पण तिचं हे संरक्षण झाडावर पुरतं, बरणीत पुरत नाही.

बरणीतला पहिला शत्रू पाणी. मिरच्या धुवायच्या त्या देठासकट. देठ काढून धुतल्या तर पाणी पोटात शिरतं आणि बाहेरून कितीही पुसलं तरी आतलं निघत नाही. धुऊन स्वच्छ सुती फडक्यावर पसरायच्या, वरून दुसऱ्या फडक्यानं टिपायच्या, मग सावलीत वाऱ्यावर ठेवायच्या. नाशिकच्या थंडीत रात्रभर पंख्याखाली ठेवल्या तरी सकाळी खडखडीत कोरड्या होतात. देठ त्यानंतर खुडायचे. सुरी, पाट, परात, चमचा, बरणी, झाकण आणि करणाऱ्याचे हात, सगळं कोरडं हवं. इथेच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आजच्या मिरचीवर फवारण्या होतात. पानं आकसून वळवणाऱ्या बोकड्या रोगानं आणि फुलकिड्यांनी शेतकरी हैराण असतो, आणि नुसता त्याला दोष देऊन भागत नाही. पण लोणच्यात मिरची सालीसकट आणि कच्ची खाल्ली जाते. म्हणून नळाच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं इथे भाजीपेक्षाही गरजेचं आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून शेवटच्या फवारणीनंतर पुरेसे दिवस जाऊ देऊन तोडलेली मिरची मिळाली, तर ती दोन रुपये जास्त देऊन घ्यावी.

आता मोहरी. मिरचीच्या लोणच्याचा जीव मोहरीत आहे, आणि ‘मोहरी फेसणे’ हे काम आजच्या घरांतून झपाट्यानं नाहीसं होत चाललं आहे. आयता लोणचे मसाला आला, मोहरीची डाळ पाकिटातून मिळू लागली, आणि पाट्यावर किंवा खलात मोहरी वाटून ती पाण्यानं घोटत राहायचं कारण उरलं नाही. पण ज्यानं फेसलेल्या मोहरीचा वास एकदा घेतला आहे, त्याला पाकिटाचं लोणचं कधीच पुरेसं वाटणार नाही.

फेसताना काय होतं? कोरड्या मोहरीला वास नसतो. दाणा दाताखाली चावला तर आधी किंचित कडवट लागतो, झणका क्षणभरानं येतो. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेली असतात. दाणा भरडला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि त्यातून तो नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ तयार होतो. तो उडून जाणारा आहे, म्हणूनच जिभेपेक्षा नाकाला आधी कळतो. मोहरीची पूड, चिमूटभर हळद आणि उकळून पूर्ण गार केलेलं थोडं पाणी घेऊन जोरानं घोटायला लागलं की मिश्रण हळूहळू फिकं होतं, फुगतं, फेस धरतं. भांड्यावर वाकून बघणाऱ्याला ठसका लागला की झालं. जुन्या बायकांची खूण हीच होती.

पाणी गार का, याचं उत्तर याच विकरात आहे. उष्णतेनं ते मरतं. गरम पाण्यात मोहरी फेसली तर कितीही घोटली तरी झणका येत नाही, राहतो तो फक्त कडवटपणा. फोडणी पूर्ण गार करूनच लोणच्यावर ओतायची, या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या नियमामागेही हेच आहे. आणि लिंबाचा रस मोहरीत लगेच का घालायचा नाही, त्यामागेही. आंबटपणानं हे विकर मंदावतं. म्हणून मोहरीला आधी पाण्याबरोबर दहा-पंधरा मिनिटं एकटं सोडायचं, तिचा झणका पुरता वर येऊ द्यायचा, मग लिंबाचा रस. रस पडल्यावर तो झणका तिथेच धरून ठेवला जातो. ज्या बाईनं हे पहिल्यांदा ओळखलं तिला विकर माहीत नव्हतं. तिच्याकडे नाक होतं आणि धीर होता. रसायनशास्त्रानं पुढे जे सांगितलं, त्याचा निष्कर्ष तिच्या हाताला आधीच ठाऊक होता, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मोहरीचा हा झणका चवीपुरता नाही, तो बुरशी आणि जंतूंनाही अटकाव करतो. पण तो टिकाऊ नाही. काही आठवड्यांत उतरत जातो. मिरचीचं तिखट मात्र तसंच राहतं, फक्त मिरचीतून निघून खारात आणि तेलात पसरतं. म्हणून नवं लोणचं नाकाला लागतं आणि मुरलेलं जिभेला. दोन्हींचे चाहते वेगळे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणीवर तुटून पडणारी माणसं प्रत्येक घरात असतात, महिनाभर थांबणारीही असतात, आणि त्यामुळे शहाणी गृहिणी दोन लहान बरण्या भरते.

प्रमाणाचं बोलायला हवं, कारण ‘अंदाजानं’ या शब्दानं या लोणच्याचं फार नुकसान केलं आहे. अर्धा किलो मिरचीला पाव लिटर लिंबाचा रस, म्हणजे रसदार असतील तर साधारण पंधरा लिंबं. मीठ शंभर ते एकशेदहा ग्रॅम. मोहरीची डाळ पाऊण वाटी, त्यातली अर्धी फेसायला आणि अर्धी तशीच भरड. तेलात तळून कुटलेली मेथी दोन चमचे, हळद दीड चमचा, हिंग चांगला वासाचा असेल तर एक चमचा. वरून गार फोडणीचं शेंगदाणा तेल आवडीनुसार. लिंबाच्या खारातल्या मिरचीला तेल लागतच नाही, असं म्हणणारी घरंही आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

या आकड्यांमागे हिशेब आहे. लिंबाच्या रसात किंवा खारात घातलेल्या लोणच्यासाठी आपल्याकडच्या अन्नविषयक नियमांनी खारात किमान १२ टक्के मीठ आणि सायट्रिक आम्लाच्या हिशेबानं किमान १.२ टक्के आंबटपणा ठरवून दिला आहे. लिंबाच्या रसात साधारण पाच ते सात टक्के सायट्रिक आम्ल असतं. वरच्या प्रमाणात सगळं मिळून वजन किलोच्या आसपास जातं, तेव्हा मीठ आणि आंबटपणा दोन्ही या रेषेजवळ किंवा तिच्या वर बसतात. आजीच्या हातातल्या मापाचं आणि सरकारी कागदाचं इथे छान जमतं.

आंबटपणाची ही रेषा महत्त्वाची का, तर बोट्युलिझम नावाच्या विषबाधेमुळे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो, आणि त्याचं विष अत्यंत घातक असतं. पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात, तो वाढू शकत नाही. ताजी मिरची या रेषेच्या वर असते. आपल्याकडे असा समज पक्का आहे की वर चार बोटं तेल असलं की लोणचं सुरक्षित. तेल हवा रोखतं, म्हणून बुरशी अडते हे खरं. पण हवा नसणं या जंतूला मानवतंच. तेव्हा तेलाच्या भरवशावर लिंबू कमी करू नये. हल्ली नुसत्या तेलात बुडवलेल्या लसूण-मिरचीच्या बाटल्या हौसेनं भरून महिनोन्‌महिने ओट्यावर ठेवल्या जातात, त्यांच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. लिंबू किंवा व्हिनेगर भरपूर घाला, नाही तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

रक्तदाबामुळे मीठ कमी करणाऱ्यांनाही हेच सांगावंसं वाटतं. कमी मिठाचं लोणचं करायला हरकत नाही, पण ते फ्रिजमधलं तोंडीलावणं समजावं. वर बुरशी आली तर वरचा थर काढून, ऊन दाखवून उरलेलं खायची जुनी सवय आता सोडून द्यावी. बुरशी वर दिसते तेवढीच नसते. फेकताना जीव तुटतो, तरी फेकावं.

एक प्रश्न हमखास येतो. मिरचीचा हिरवा रंग का जातो? आठवड्याभरात ती पिवळट, मेंदीच्या पाल्यासारखी दिसायला लागते आणि नवखी सून घाबरते. आंबटपणामुळे पानाफळांतल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग उतरतो. काही बिघडलेलं नसतं. रंग उतरला म्हणजे आंबटपणा आत पोचला.

भांड्याबद्दल नाशकात बोलायचं म्हणजे जरा पेच आहे. हे तांब्या-पितळेचं गाव. भांडी बाजार, तांबट आळी, देवघरातल्या समया ते पाण्याचे हंडे, सगळीकडे नाशिकच्या तांबट-कारागिरांचा हात. पण त्यांच्या कुठल्याही सुंदर भांड्यात लोणचं ठेवता येत नाही. मीठ आणि आंबट मिळून तांबं खातात, खार हिरवट होतो आणि ते पोटात जाणं वाईट. कल्हई होती तेव्हाही लोणचं त्या भांड्यात घालत नसत. म्हणून पितळेच्या या गावात लोणच्यासाठी परमुलखातल्या चिनी मातीच्या बरण्या आल्या, खाली पांढऱ्या आणि वर तपकिरी, सौराष्ट्रातल्या थान, मोरबी, वांकानेरच्या भट्ट्यांमधल्या. बरणीला झाकण असलं तरी पहिले काही दिवस तोंडाला दादरा बांधायचा. सुती कापडातून आतला दमटपणा निघतो, धूळ आत जात नाही. चिनी मातीची बरणी नसेल तर काचेची चालते. प्लॅस्टिकला तेल आणि वास दोन्ही धरतात, ते टाळावं.

या बरणीला शिवायचं कुणी, यावरून आपल्या घरांनी बायकांना फार दुखावलं आहे. लोणचं सोवळ्यात, बरणी उंच फडताळावर, आणि मासिक पाळीतल्या बाईची सावलीही तिच्यावर नको. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या बायका हे आजही सांगतात, काही हसत, काही न हसता. लोणचं नासलं की आधी शोध व्हायचा तो घरातल्या कुठल्या मुलीनं विटाळ कालवला याचा. नासण्याची कारणं वर आली आहेत. ओला चमचा, ओली मिरची, कमी मीठ, कमी लिंबू, उघडी राहिलेली बरणी. यांपैकी एकाचाही पाळीशी संबंध नाही. सोवळ्याच्या नियमात हात धुणं, धूतवस्त्र नेसणं, कोरडा पळा वापरणं एवढा भाग उपयोगाचा होता, आणि तो सर्वांनाच लागू आहे, पुरुषांनाही. उरलेला भाग अन्याय होता. ज्यांच्या हातांनी ही विद्या शतकानुशतकं जपली, त्यांच्याच हातांना महिन्यातले चार दिवस अपवित्र ठरवलं गेलं. अजूनही काही घरांत हे चालतं. ते थांबायला हवं.

नाशिक हे एकाच चवीचं गाव नाही, म्हणून इथे मिरचीचं लोणचंही एकच नाही. जुन्या पेठांतल्या गुजराती घरी मिरची उभी चिरून तिला राईचे कुरिया म्हणजे मोहरीची डाळ, लिंबू आणि हळद लावतात. ते आपल्या लोणच्याचं सख्खं भावंड, फक्त ते ताजं खायचं. मारवाडी घरी थंडीत जाड लाल मिरच्या येतात, त्यांत राई, बडीशेप आणि आमचूर भरून मोहरीच्या तेलात मुरवतात. तिथे लिंबाचं काम आमचूर करतो. देवळाली कॅम्पकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची रीत वेगळी आहे. राई घातलेल्या पाण्यात गाजर, शलगम, कांदा, मिरची ठेवून उन्हात आंबवतात. हे लोणचं खऱ्या अर्थानं आंबतं. बाहेरून आम्ल न घालता, कमी मिठात वाढणारे दह्यातल्यांसारखे जंतू स्वतः आंबटपणा तयार करतात. आपल्या एवढ्या जास्त मिठात त्यांना फारसं काही करता येत नाही. म्हणून ‘आंबवायचं की मुरवायचं’ हे आधी ठरवावं. मीठ मध्येच कुठेतरी ठेवलं तर दोन्ही साधत नाही.

मालेगाव, सटाणा, कळवणकडे सरकलं की खानदेशाची हवा लागते आणि मिरची बरणीपेक्षा तव्याकडे वळते. भाजलेल्या मिरचीचा लसूण घालून केलेला खुडा, खलबत्त्यातला ठेचा. उन्हाळ्यात मेथी, धने, हिंग, मीठ भरून, दह्यात बुडवून वाळवलेली सांडगी मिरची. ती टिकते ती आंबटपणापेक्षा उन्हामुळे. पुढे नंदुरबारला तर लाल मिरचीच्या पथाऱ्यांनी जमिनीच झाकून जातात, पण ती कथा तिखटाची आहे, लोणच्याची नाही.

बाजारातल्या लोणच्याचाही या गावाशी जवळचा संबंध आहे. रामबंधू हे नाव महाराष्ट्रभर पोचलं ते नाशिकमधूनच. त्याआधी गिरगावात १९१० साली सुरू झालेलं बेडेकरांचं दुकान होतं, पुण्याचे प्रवीण मसालेवाले १९६२ पासूनचे. या सगळ्यांनी नोकरी करणाऱ्या बाईचा भार हलका केला, आणि त्याबद्दल तक्रार करणं मला पटत नाही. पण कारखान्याला एक अडचण असते. त्याला सगळ्यांना चालेल इतकंच तिखट करावं लागतं, दुकानाच्या फळीवर वर्ष काढावं लागतं, म्हणून संरक्षक द्रव्यं लागतात, आणि मोहरीचा ताजा झणका त्याला कधीच देता येत नाही, कारण तो आठवड्यांच्या हिशेबानं उतरतो. हा झणका घरच्या बरणीतच मिळतो, किंवा फार तर गल्लीतल्या बचत गटाकडे. अशा गटांना २०११ च्या नियमांप्रमाणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती बायका करतातही. मोठ्या कंपनीशी भावात स्पर्धा करण्याऐवजी त्यांनी बाटलीवर घातल्याची तारीख ठळक लिहावी आणि ‘या महिन्यात खा’ असं सांगून विकावं, असं मी त्यांना सुचवेन. वर्षभर टिकणं हा जिथे कारखान्याचा गुण, तिथे नवं असणं हा त्यांचा.

लोणचं करून झाल्यावर हातांची आग होते, तेव्हा नुसत्या पाण्यानं धुऊन उपयोग नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी हाताला तेल चोळावं, मग साबण लावावा. तोंडाची आग झाली तर ताक किंवा दूध घ्यावं, त्यातली प्रथिनं तिखट धरून नेतात. लहान मूल असलेल्या घरात लोणच्याचं काम हातमोजे घालूनच करावं.

मिरच्या संपल्या तरी बरणीच्या तळाशी खार उरतो, आणि अनुभवी माणसं खरी त्याचीच वाट बघत असतात. दडपे पोह्यांवर दोन चमचे, थालीपिठाच्या पिठात एक पळी, दहीभाताला वरून थोडा. तिखट, आंबट, मोहरी, मेथी सगळं त्यात उतरलेलं असतं. काही घरांत या खारात गाजराचे आणि आल्याचे तुकडे किंवा आंबेहळद घालतात. तसं जरूर करावं, पण नव्या भाजीचं पाणी सुटून खार पातळ होतो, त्यातलं मीठ आणि लिंबू दोन्ही कमी पडतात. म्हणून त्यात एका लिंबाचा रस आणि चमचाभर मीठ नव्यानं घालावं, बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवड्याच्या आत संपवावी.